वैनींची इटलीतली सवत

माझ्या चुलतभावाचा संसार मी एकदा मोडला. त्यासाठी मला इटलीपर्यंत जावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. परसू अण्णा, म्हणजे हा चुलतभाऊ, आणि मी, दोघंही बेळगावजवळच्या कडोलीचे, एकाच पलटणीत होतो. अण्णा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. बोलायचे कमी, पण पेटी फार गोड वाजवायचे. मी गावच्या नाटकात बायकांची कामं करायचो. तेव्हा मी सडपातळ होतो. (आज हे कुणाला पटत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

इटलीतल्या एका गावात आमचा मुक्काम होता. तिथं एक जुनं ऑपेरा हाऊस होतं. ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक. फक्त त्यात बोलणं जवळजवळ नाहीच, भांडायचं ते सुद्धा गाऊन. लढाई पुढं सरकली होती आणि ते थेटर शाबूत राहिलं होतं, म्हणून साहेबांनी तिथं सगळ्या पलटणींचा करमणुकीचा कार्यक्रम ठरवला. वेळ दुपारची. आमच्या पलटणीतर्फे कोण, असं सुभेदारांनी विचारलं, तेव्हा मी हात वर केला. अण्णांचाही हात मीच वर केला.

लुगडं कुठून आणायचं हा पहिला प्रश्न. एक फाटकी हवाई छत्री मिळाली. तिचं कापड रेशमासारखं झुळझुळीत, पण पांढरंफेक. पांढरं लुगडं नेसून लावणी कोण म्हणणार? मग दवाखान्यातलं जखमांना लावायचं जांभळं औषध मागून आणलं आणि त्यात कापड बुडवलं. अंबाड्यासाठी पलटणीच्या खेचरांच्या शेपट्या कामी आल्या. खेचरांनी याला संमती दिली नव्हती, त्यामुळं माझ्या मांडीवर एक लाथही बसली.

कार्यक्रमाच्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि माझी बोबडी वळली. पाच मजले सज्जे, त्यांना सोनेरी वेलबुट्टी, छतावर पंख फुटलेली गुबगुबीत पोरं रंगवलेली. खाली गोरे, काळे, सगळे शिपाई खच्चून भरलेले आणि पुढच्या रांगेत गावातली काही प्रतिष्ठित मंडळी. कडोलीच्या देवळापुढच्या मांडवात गाणाऱ्या माणसाला हे झेपणं अवघडच होतं. मी अण्णांना हळूच म्हणालो, परत जाऊया. अण्णा पेटीचा भाता उघडत एवढंच म्हणाले, "हात कुणी वर केलता रं?"

मी गायला लागलो. पहिलं कडवं बरं गेलं. पण तिथला रंगमंच प्रेक्षकांच्या बाजूला उतरता असतो, हे मला ठाऊक नव्हतं. एक गिरकी घेतली की मी हातभर पुढं. दुसरी घेतली की आणखी हातभर. वर दिव्यांची धग होती. घाम फुटला आणि औषधाचा रंग मानेवरून, दंडावरून ओघळायला लागला. मागं सरकावं तर नऊवारीचा ओचा पायात येत होता. तिसऱ्या गिरकीला माझा उजवा पाय जमिनीवर पडलाच नाही.

गवई ओळ विसरला तर त्याला ती सांगणारा माणूस तिकडं रंगमंचाच्या कडेला एका भोकात बसतो. त्या थेटरातला हा म्हातारा त्या दिवशीही आपल्या जागी येऊन बसला होता. आमच्या लावणीतलं अक्षर त्याला कळत नव्हतं, पण सवय सुटत नव्हती. माझा पाय गेला तो थेट त्याच्या खांद्यावर. तो किंचाळला आणि त्यानं माझा घोटा दोन्ही हातांनी धरला. मी पाय ओढतोय, तो सोडत नाही आणि अण्णांनी आपला ताल चुकूनही सोडला नाही. काय करावं न सुचून मी कमरेएवढा भोकात अडकूनच उरलेली लावणी पुरी केली.

थेटर उठून उभं राहिलं. लोकांना वाटलं, आमच्या मुलखातला हा खेळच असा आहे. टाळ्या थांबेनात. म्हाताऱ्याला बाहेर काढून त्यालाही वाकून नमस्कार करायला लावला. त्याच्या टकलावर माझा जांभळा पंजा उमटला होता.

माझा पाय मुरगळला होता. अण्णा माझ्या कमरेत हात घालून मला बाहेर आणत होते, तेवढ्यात एका फोटोवाल्या साहेबानं आम्हाला दारात उभं केलं. अंबाडा, लुगडं, कपाळावर कुंकू आणि दुखऱ्या पायामुळं मी अण्णांच्या खांद्यावर डोकं टेकलेलं. आठ दिवसांनी फोटो हातात आला. खरं सांगतो, झकास आला होता.

अण्णांनी तो वैनींना पाठवायला दिला. इथं माझ्या अंगात विनोद शिरला. फोटोच्या मागं मी लिहिलं, "वैनी, अण्णांची काळजी करू नका. इथं त्यांना सांभाळणारी मिळाली आहे." खाली माझं नाव घालायचं विसरलो.

वैनींना वाचता येत नव्हतं. गावच्या मास्तरांनी तो मजकूर कट्ट्यावर बसून, शाळेत धडा वाचतात तसा, मोठ्यानं वाचला. पुढं आमची पलटण इकडून तिकडं हलत राहिली आणि घरची पत्रं काही आम्हाला गाठू शकली नाहीत.

लढाई संपली. बेळगाव स्टेशनावर उतरलो तर न्यायला एकटे माझे वडील, आप्पा, आले होते. त्यांनी आम्हाला जवळ घेतलं नाही. आमच्या मागं डब्यात वाकून बघितलं. मग पुढच्या डब्यातही बघून आले.

"आणली न्हाय व्हय तिला?" त्यांनी अण्णांना विचारलं.

सगळा उलगडा व्हायला टांग्यात कडोलीपर्यंतचा रस्ता लागला. वैनी वर्षभर माहेरी, निपाणीला होत्या. अण्णांनी टांगा तसाच बेळगावकडं माघारी वळवायला लावला आणि तिथून आम्ही निपाणीची मोटार धरली. मोटारीत ते माझ्यापासून लांबच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वैनींचे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीवर कामाला होते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. वैनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. वाळल्या होत्या. मी हात जोडून सांगितलं की फोटोतली बाई म्हणजे मीच. त्यांच्या वडिलांनी माझ्याकडं खालून वर बघितलं. लढाईनंतरच्या आरामात माझं अंग सुटलं होतं आणि मी झुपकेदार मिशी राखली होती.

"भावाचं पाप झाकायला आलास," ते म्हणाले. "तसं असंल तर नेसून दाखव."

वैनींनी आतून आपलं लुगडं आणून माझ्या अंगावर टाकलं. न्हावी बोलावला. लढाई संपल्यापासून तेल लावून वाढवलेली मिशी चार फटक्यांत गेली. मी अंगणात लुगडं नेसलो, डोक्यावर पदर घेतला, कुंकू लावलं. एव्हाना कुंपणापाशी गल्लीतल्या यच्चयावत बायका जमल्या होत्या. अण्णांनी खाली मान घालून माझ्या कमरेत हात घातला आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. आणखी शंका नको म्हणून लावणीची पहिली ओळही गायलो.

कुणी हसलं नाही. वैनी फोटो घेऊन पुढं आल्या. एकदा फोटोकडं, एकदा माझ्याकडं, असं त्यांनी बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि अण्णांनी कडोलीपासून धरलेला श्वास सोडला. मलाही भरून आलं. माझ्या कलेनं मोडलेला संसार माझ्याच कलेनं सांधला, असं मनात म्हणून मी पदर सावरला.

वैनींनी डोळे पुसले आणि अण्णांना म्हणाल्या, "हिच्यापायी वरीसभर रडली व्हय मी? हे त्वांड आधी नीट बघितलं असतं, तर दुसऱ्याच दिशी नांदायला आली असती."