पावसात बंद केलेली मोटर

मला एका जागी बसवत नाही. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे. नवरा म्हणतो, भिंगरी पायाला नाही, डोक्यात आहे. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका मसाल्याच्या कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर हळदीतली ओल आणि मिरचीचा रंग तपासायचा. शिक्षण मात्र मातीचं. कृषी विद्यापीठातून मृदशास्त्रात एम.एस्सी. लग्न होऊन इकडे आले तेव्हा विमानतळावरून घरी जाताना दोन्ही बाजूंची वाळू बघून मी नवऱ्याला म्हटलं होतं, "इथं माझी पदवी घालू कुठं?" तो हसला. मला तेव्हा हसू आलं नाही आणि पुढची अकरा वर्षंही आलं नाही.

म्हणून इथल्या आमच्या मराठी मंडळात 'पाणी टीम' निघाली तेव्हा सगळ्यात आधी हात मी वर केला. कल्पना साधी होती. मंडळात निम्मे लोक इंजिनिअर नाहीतर कंत्राटदार. आठवडाभर कंपनीसाठी डोकं चालवायचं, तर महिन्यातले दोन शनिवार ते लोकांसाठी फुकट चालवायचं. कुणाला पाणी वाचवायचं असेल तिथं जाऊन पाइप जोडून द्यायचे, माती तपासून द्यायची, गळती शोधून द्यायची. टीमचे म्होरके एक काका होते. मूळचे सांगलीचे, दुबईत रास अल खोरला त्यांचं प्लंबिंगचं वर्कशॉप. ते म्हणायचे, "गणपतीला पैशाची वर्गणी देता ना? ही अकलेची वर्गणी समजा. ज्याच्याकडे जेवढी शिल्लक असेल तेवढी द्या." माझ्याकडे अकरा वर्षांची शिल्लक होती.

खोर फक्कानच्या अलीकडे डोंगरात एक कोरडी नदी आहे. तिच्या काठावर एका म्हाताऱ्या अरब गृहस्थांची बाग होती. थोडी खजूर आणि तीस लिंबं. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. तरुणपणी ते मुंबईला जाऊन-येऊन असत, त्यामुळे हिंदी मोडकी पण धीट बोलत. मातीबद्दल पुस्तकं वाचलेली बाई म्हटल्यावर त्यांनी मला पहिल्याच दिवशी 'दक्तूरा' करून टाकलं. डॉक्टरीणबाई. मी डॉक्टर नाही, असं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटत होतं.

त्यांची अडचण अशी होती की विहिरीचं पाणी दरवर्षी खाली चाललं होतं आणि जितकं खाली जाई तितकं खारट होत होतं. मुलं शारजात स्थायिक. त्यांनी बागेतला कामाचा माणूस आधीच कमी केला होता आणि वडिलांना स्वच्छ सांगितलं होतं, या हिवाळ्यात निम्म्या पाण्यावर लिंबं जगवून दाखवा, नाहीतर बाग बंद करून आमच्याकडे फ्लॅटवर चला. बाबांनी हे आम्हाला कहव्याच्या, म्हणजे अरबी कॉफीच्या, पहिल्याच कपाला सांगितलं. "शारजा में मेरा क्या काम? खिड़की से गाड़ी गिनूँगा?"

मी लगेच कामाला लागले. माझं माहेर श्रीगोंद्याकडचं, म्हणजे कागदी लिंबांचाच मुलूख. लिंबाचं झाड बघून मला इतका आनंद झाला की मी एका फांदीला हात लावून उगाच उभी राहिले. बाबा चार दिवसांनी एकदा प्रत्येक झाडाचं आळं तुडुंब भरायचे. निम्मं पाणी नुसतं खाली जात होतं. आम्ही ठिबक बसवलं. काकांनी नळ्या आणल्या, मी माती आणि पाणी तपासून किती थेंब किती वेळ ते ठरवलं. पाच महिन्यांत विहिरीची पातळी चक्क थांबली. बाबांचा थोरला मुलगा दर महिन्याला दोरीला दगड बांधून पाणी मोजायचा. त्यानंसुद्धा इंग्रजीत माझं कौतुक केलं. घरी मी जेवताना, गाडीत, भांडी लावताना फक्त ठिबकबद्दल बोलत होते. "आई, यू आर नॉट इव्हन लिसनिंग," लेक म्हणाली. ती शाळेतलं काहीतरी सांगत होती. खरंच मी ऐकत नव्हते.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही बागेत असताना ढग आले. इथं ढग आले की लोक गाड्या काढून डोंगराकडे पाऊस बघायला निघतात. ग्रुपवर व्हिडिओ पडायला लागले. आमच्याकडे आली ती नुसती भुरभुर, अंगावर जाणवेल न जाणवेल अशी. काका आकाशाकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "खलास! आज कामाला सुट्टी." बाबा मात्र उठले, शेडमध्ये गेले आणि त्यांनी मोटर चालू केली.

आमच्याकडे पाऊस आला की पहिलं काम मोटर बंद करायचं. हे कुणी शिकवत नाही. मामाच्या बागेत चार थेंब पडले की घरातून कुणीतरी ओरडायचंच, "मोटर बंद करा रे!" आणि आम्ही पोरं धावत सुटायचो. जो आधी पोचेल त्याचा मान. त्या दिवशीही मी तशीच ओरडले, मराठीतच, आणि तशीच धावले.

"बाबा, ऊपर से पानी आ रहा है और आप नीचे से दे रहे हैं?"

"बारिश में हम देते हैं," ते म्हणाले. "हमेशा."

"पर क्यों?"

त्यांनी विचार केला. "मेरा बाप देता था."

मी हसले. वाईट हेतू नव्हता, पण हसले, आणि काकाही हसले. मग मी मोटर बंद केली, मुख्य नळाचा व्हॉल्व्हही फिरवला आणि ठिबकवर एक छोटं भाषण दिलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "ठीक है. तुम दक्तूरा है," असं म्हणून ते आत जाऊन कहवा घेऊन आले.

तीन आठवड्यांनी त्यांनी फोटो पाठवला. लिंबाच्या पानांची टोकं इस्त्री लागल्यासारखी करपली होती.

मी तेव्हा ऑफिसात होते. फोटो मोठा करून बघितला आणि एका मिनिटात मला सगळं कळलं. खारट पाणी ठिबकनं दिलं की मीठ झाडापासून दूर सरकतं आणि ओल जिथं संपते तिथं साचून राहतं. मातीवर पांढरं कडं दिसतं ना, ते हेच. मोठा पाऊस असेल तर हे मीठ खोल धुऊन जातं. भुरभुर मात्र त्याला फक्त विरघळवते आणि परत मुळांकडे ढकलते. म्हणून खाऱ्या पाण्याच्या बागेत पाऊस आला की ठिबक बंद करायचं नसतं, उलट चालू करायचं असतं, म्हणजे मीठ आत येत नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेत मी याच्यावर उत्तर लिहिलं होतं आणि पूर्ण मार्क मिळवले होते. बाबांच्या वडिलांना ठिबक माहीत नव्हतं, पण पावसात पाणी द्यायचं हे माहीत होतं. आणि मी हळद तपासणारी बाई, मामाच्या बागेतली पोर होऊन धावले.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "उंटावरचा शहाणा ऐकला होता. इथं तर उंटपण खरे आहेत." एरवी मी भांडले असते. त्या दिवशी रडले.

पुढचा महिना मी कुठंच धड नव्हते. एक दिवसाआड ऑफिसातून सुटून दीड तास गाडी चालवायची, आळी पुन्हा बांधायची, तुडुंब भरून मीठ खाली धुवायचं, माती तपासायची, परत यायचं. पाच महिन्यांत वाचवलेलं पाणी तीन आठवड्यांत ओतलं गेलं. तीसपैकी अकरा झाडं गेली. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. ते मेलेल्या झाडाच्या फांद्या शांतपणे कापून रचून ठेवत आणि मला खजूर देत. त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. मला झापून घ्यायची इतकी गरज आयुष्यात कधी पडली नव्हती.

टीमचा अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, "अहो ताई, हवामानामुळे नुकसान असं लिहू. वेदर कंडिशन्स. खोटं कुठाय त्यात? पाऊस आलाच होता."

"पाऊस आला होता, काका. मोटर मी बंद केली होती."

"बंद करताना मीही हसलोच होतो की."

"मग दोघांचं लिहा."

काकांनी ते लिहिलं नाही ते नाहीच. मग मी थोरल्या मुलाला स्वतः जाऊन भेटले. म्हटलं, तुमचे वडील बरोबर होते, मी त्यांना अडवलं, झाडं माझ्यामुळे गेली. त्यांच्या बागेला याची शिक्षा नको. तो म्हणाला, अजून एक हिवाळा. उरलेली एकोणीस जगली तर बाग राहील. एकही गेलं तर वडील शारजाला येतील आणि मग हा विषय परत नाही. मी सगळे थँक्यू म्हणून टाकले.

बाबांना मी नीट समजावलं. मिठाचं कडं दाखवलं, चित्र काढून दाखवलं. "आप सही थे, बाबा. बारिश आए तो मोटर चालू करना. मुझसे पूछना नहीं." त्यांनी चित्राची घडी करून खिशात ठेवली. "ठीक है, दक्तूरा."

पुढच्या डिसेंबरात, एका मंगळवारी दुपारी, ऑफिसच्या काचेवर थेंब दिसले. मिरचीचा रिपोर्ट अर्धा राहिला. फोनवर ढगांचा नकाशा उघडला तर सगळे ढग डोंगरावर. बाबांना फोन लावला. बिझी. पुन्हा लावला, बिझी. मुलाशी बोलत असतील म्हटलं. पाच मिनिटांनी परत बिझी. मी स्वतःला सांगत होते, त्यांना माहीत आहे, त्यांना तुझ्याआधी माहीत होतं, बस खाली. बसले. उठले. मॅनेजर मल्याळी, भला माणूस. "अर्जंट आहे," म्हटलं. "फॅमिली?" त्यानं विचारलं. मी हो म्हणून टाकलं.

वाटेत लावत होते, बिझी. बोगद्यात रेंज गेली. बोगद्याबाहेर आले, लावला, बिझी. बाहेर तीच बारीक भुरभुर, वायपर लावला तर काच कोरडीच घासत होता. कोपऱ्यावर रस्त्याच्या कडेला लोक गाड्या लावून पावसात सेल्फी काढत होते. मला त्यांचा इतका राग आला की मी विनाकारण हॉर्न दिला.

बागेत पोचले तेव्हा मोटरचा आवाज नव्हता.

बाबा शेडमध्ये व्हॉल्व्हपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. डोक्यावरचं फडकं ओलं झालेलं. एक हात व्हॉल्व्हच्या चाकावर, दुसऱ्या हातात फोन. मला बघून त्यांना इतकं हायसं वाटलं की ते उठूनच उभे राहिले.

"दक्तूरा! दो घंटे से फोन कर रहा हूँ. तुम्हारा बिज़ी, बिज़ी, बिज़ी." मग चाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "खोलूँ?"

मी त्यांना फोन करत होते आणि ते मला.

"बाबा, मैंने बोला था ना, पूछना नहीं!" माझा आवाज चढलाच.

"बोला था," ते म्हणाले. खिशातून माझं चित्र काढून त्यांनी घडी उलगडली. "लेकिन वो पिछली बारिश का था. मैंने सोचा, इस बार किताब में क्या है, पता नहीं."

बाहेर बारीक पाऊस पडत होता आणि हा माणूस, ज्याला पाऊस आल्यावर काय करायचं हे साठ वर्षांत कुणाला विचारावं लागलं नव्हतं, माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी मान हलवली. मगच त्यांनी चाक फिरवलं आणि मोटरचं बटण दाबलं.

आम्ही एकेका झाडापाशी जाऊन थेंब पडतोय ना ते पाहिलं. मी जिथं वाकले तिथं तेही वाकले, मी बोटानं माती उकरली तशी त्यांनीही उकरली. "अच्छा है?" ते प्रत्येक झाडाशी विचारत होते. अच्छा है, बाबा, मी म्हणत होते.

एकोणीसही झाडं जगली. बाग राहिली. थोरल्या मुलानं मंडळाला आभाराचं पत्र पाठवलं, त्यात त्यानं लिहिलं होतं की वडील आता खूप काळजीपूर्वक वागतात, तज्ज्ञाला विचारल्याशिवाय काही करत नाहीत. काकांनी ते पत्र ग्रुपवर टाकलं आणि खाली टाळ्यांची रांग लागली.

आता आकाशात ढग आला की बाबांचा फोन येतो. पावसाचा असो, नसो. कधी मी मीटिंगमध्ये असते, कधी स्वयंपाकात. हातातलं टाकून मी आधी तो उचलते. कारण मी उचलेपर्यंत ते चाकावर हात ठेवून बसलेले असतात.