जशीच्या तशी उचललेली यादी

कुंडलच्या संयोगिताला सगळं गाव 'कम्प्युटरवाली' म्हणायचं. पुण्याच्या कंपनीचं काम ती घरी माडीवर बसून करायची आणि गल्लीत कुणाचा मोबाइल बिघडला की हाक तिलाच यायची. नाही म्हणायची सोय नव्हती. म्हटलंच तर लगेच, 'एवढी शिकली आन् एवढंबी येईना व्हय?'

धाकट्या भावाचं, उदयसिंहाचं लग्न ठरलं, तेव्हा पत्रिकेची वेबसाइटही तिच्याच गळ्यात पडली. वडील लालासाहेब, घरचे आबा, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांना एकच घोर होता: आटपाडीचे थोरले बंधू भाऊसो लग्नाला येतील का? थोरल्या मुलीच्या, क्रांतीच्या पत्रिकेत भाऊसोंचं नाव पाचव्या ओळीत पडलं होतं आणि तीन वर्षं झाली, ते रुसून बसले होते. आमच्याकडं पत्रिकेत नवरा-नवरीचं नाव मागाहून बघतात, आधी आपली ओळ कितवी ते बघतात.

म्हणून आबांनी नावांची यादी अकरा वेळा बदलली. दर वेळी संयोगितानं ती कोडमध्ये चिकटवायची. शेवटी वैतागून तिनं यादीची टेक्स्ट फाइलच थेट साइटला जोडली. पण साइटच्या सगळ्या फाइली एकत्र बांधणारा प्रोग्राम, त्याला बंडलर म्हणतात, तो अडून बसला. दिसेल ती फाइल जावास्क्रिप्टच, असा त्याचा समज. '॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥' या पहिल्याच ओळीत त्यानं लाल अक्षरांत चूक काढली.

"देवाच्या नावात चूक काढतंय? कुठलं येडं हाय हे?" आबा भडकले.

"आबा, त्येला सांगाय लागतं. अर्थ लावू नगं, जशी हाय तशी उचल म्हणून."

तिनं फाइलच्या नावापुढं प्रश्नचिन्ह टाकून 'रॉ' हा शब्द इंग्रजीत जोडला. बंडलर निमूट झाला. आता आबांनी फाइल बदलली की साइट आपोआप बदलणार होती. आबांनी बारावी यादी चढवली, लिंक सगळ्या भावकीला धाडली आणि संयोगितानं ती उघडूनसुद्धा बघितली नाही.

दुपारी क्रांतीचा फोन आला. "अगं, यादीच्या खाली काय ल्हिलंय ते बघ की!"

कुठल्याही यादीखाली शेरा लिहायची आबांची फौजेतली सवय. बंडलरनं तोही इमानेइतबारे उचलला होता: 'शेरा: भाऊसोदादाचं नाव पयलं. मागच्या टायमाला चूक माझीच. दादा आला न्हाई तर मांडवात मी कुणाच्या पाया पडू? ही वळ छापू नये.'

'छापू नये' हेसुद्धा छापलं होतं.

"पूस! आत्ताच्या आत्ता पूस!" आबांना कुठं तोंड लपवू असं झालं. संयोगितानं लॅपटॉप उघडला, तेवढ्यात तिचा फोन वाजला. आटपाडीहून. तिनं स्पीकर लावला.

"पोरी, तुझ्या बाला सांग, उद्या सकाळच्या गाडीनं येतोय मांडव घालाय. माझं नाव कितव्याबी वळीत घाल. पर खालची वळ पुसलीस तर गाठ माझ्याशी हाय!"

आबांनी पाठ फिरवली. मोठ्यानं नाक शिंकरलं आणि भिंतीकडं बघतच म्हणाले, "ऱ्हाऊ दे म्हणावं."