चढावरची गाडी
देवळाच्या चढावर गाडी बंद केली आणि ब्रेकवरून पाय काढताच ती मागे सरकली. मी दचकून पुन्हा ब्रेक दाबला. हँडब्रेक अर्धवटच ओढला होता.

मागे बसलेली आई शांतपणे म्हणाली, “पूर्ण ओढ. पहिला गिअर टाक. मग पाय हळूहळू उचल आणि गाडी हलत नाही ना, ते बघ.”

तिने कधी गाडी चालवलेली नाही. “तुला कसं माहीत?”

“तुझे बाबा दर वेळी सांगायचे. तू ऐकत नव्हतास, मी ऐकत होते.”

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं ते सांगणं तेव्हा मला कटकट वाटायचं. आपल्यासाठी केलेली काळजी कधी कधी दुसऱ्याच्याच कानात जपली जाते.

सांगितलं तसं केलं. गाडी जागची हलली नाही. तरी मी बसूनच राहिलो आणि आईनेही उतरायची घाई केली नाही.