तीन कोनशिला

माझ्या खिडकीतून नदीकाठी पूरसंरक्षक भिंतीच्या तीन कोनशिला दिसतात. सरकार आलं, नारळ फुटला, कोनशिला बसली आणि भिंत व्हायच्या आत सरकार पडलं. पुढच्याने थोडं वर चढावर आपली बसवली, मग त्याच्या पुढच्यानेही. भिंत वीतभरही उठली नाही.

दगड तेवढे आमच्या गल्लीच्या कामी आले. पहिला बुडाला की धान्य माळ्यावर टाकायचं, दुसरा बुडाला की म्हशी सोडायच्या, तिसरा बुडाला की ओढ्यावरच्या पुलावरून शाळेत जायचं. गेल्या पावसाळ्यात तो पूल कोसळला, तरी आम्ही दगडच बघत राहिलो.

पाऊस वरून येतो हे खरं, पण पूर आम्ही सगळ्यांनी मिळून इथंच वाढवला.

"कुठवर आलं गं पाणी?" शेजारच्या सुमनकाकू ओट्यावरून ओरडल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना त्यांनी खुर्चीत बसवलं होतं, उचलून न्यायला.

"तिसराही बुडाला, काकू."

"मग निघायचं कुठून?"

मी ओढ्याकडे पाहिलं. पलीकडच्या उंच काठावर नव्या पुलाची कोनशिला उभी होती, हार घातलेली आणि कोरडी.