हाताला लागणारी अक्षरं

छापखान्यात फरशीच्या फटीत तुटके खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, साचत जातात. मुद्दाम कुणी टाकत नाही, पण झाडायला घेतलं की सुपलीभर निघतात. आमच्या इंदापूरच्या छापखान्यातले किस्सेही तसलेच. मी तिथं छपाईचं ट्रेडल मशीन चालवायचो. शाळा चौथीत सुटलेली, त्यामुळं छापलेलं वाचायच्या भानगडीत पडलो नाही. शाई नीट बसली का, एवढं बघायचं आणि पुढचा कागद लावायचा.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. कळसचे सोपानराव पोराची लग्नपत्रिका छापायला आले. पोरगा लोणी देवकरला कारखान्यात लागलेला, त्यामुळं ऐट. मुलीकडची पत्रिका टेबलावर आपटून म्हणाले, "हात फिरवा हिच्यावर!"

मालकांनी फिरवला. अक्षरं कागदावर उभी! बोटांना लागत होती.

"आमची अशीच पाहिजे. न्हायतर बारामतीला चाललो."

सोपानराव गेले म्हणजे त्यांची सगळी भावकी गेली, आणि लग्नसराईत आमचा छापखाना चालायचा तो त्या भावकीवर. मालक बोलून बसले, "व्हय, देतो की करून!"

ओल्या शाईवर कसलीशी पावडर टाकतात आणि ती तापवून फुगवतात, एवढंच मालकांनी ऐकलेलं. पावडर पुण्यात, तापवायचं मशीनही पुण्यात.

"पुणं कशाला? घरात काय कमी हाय?" मालक म्हणाले.

अक्कल कमी होती. पण मी इस्त्रीत कोळसे भरायला घेतले.

*

पहिली पिठीसाखर. ओल्या छपाईवर भुरभुरली, खालून कोळशाची इस्त्री धरली. अक्षरं चकाकली. मालक खूश! पत्रिका वाळत घालून आम्ही जेवायला गेलो.

येऊन बघतो तर मुंग्या. इकडंतिकडं एक नाही. बरोबर अक्षरांवरून, ओळ धरून चाललेल्या.

खिळे जुळवणारे आमचे कंपोझिटर तात्या चष्मा सावरत मला म्हणाले, "किसन, मुंग्यासुदिक वाचाया लागल्या. तू कवा शिकणार?"

*

मग मेणबत्ती किसून टाकली. मेण अक्षरावर थांबतंय कशाला? सगळा कागद पिऊन बसला. वरचा गणपती पाठीमागून दिसायला लागला.

तात्यांनी पत्रिका उजेडाला धरली. "मालक, हिच्यात चार भजी बांधून द्या. म्हंजी पाव्हणे यायचे तरी!"

*

शेवटी राळ. धूप घालताना निखाऱ्यावर टाकतात ती, किराणा दुकानातली. मी कुटली, चहाच्या गाळणीनं शाईवर चाळली, जादाची झटकली. स्टोव्हवर तवा पालथा घातला आणि त्यावर पत्रिका धरली.

राळ वितळली, फुगली, गार झाली. हात फिरवला तर अक्षरं लागली!

तेवढ्यात मालकीणबाई तवा शोधत आल्या. "अवं, माझ्या तव्यावर नवरा-नवरी भाजताय व्हय?"

रागानं तवा सोडून गाळणीच उचलून गेल्या. दुपारच्या चहाला देवळाचा वास होता.

*

सोपानरावांनी पत्रिकेवर दोनदा हात फिरवला, मान डोलावली आणि गठ्ठा नेला. पत्रिका पुस्तकासारखी उघडायची. आत डावीकडं नवऱ्याचं नाव, उजवीकडं नवरीचं. राळ उन्हाला टिकायची नाही, हे मी मालकांना बजावलं होतं. माझं कोण ऐकतंय?

काही दिवसांनी सोपानराव परत. एक पत्रिका टेबलावर ठेवली. "उघडा."

मालक ओढतायत, उघडतच नाही. मे महिना, आणि सोपानरावांनी गठ्ठा ठेवलेला पत्र्याच्या ट्रंकेत. राळ पघळून दोन्ही पानं एकमेकांना चिकटलेली.

"सगळ्या अशाच हायत," सोपानराव म्हणाले. "आमच्या म्हातारीनं देवापुढं ठिवली, उघडाया गेली, तर नवरा-नवरी एकमेकाला सोडंनात. म्हातारी म्हणाली, शकुन हाय, ह्याच वाटा. कुणी उघडाय गेलं तर हात मोडीन!"

"मग तारीख कशी कळायची लोकांना?" तात्यांनी विचारलं.

"तोंडी सांगत हिंडतोय की!"

एवढं बोलून ते आणखी एक गठ्ठा मागून गेले. मालक मात्र धसकले. दुसऱ्याच दिवशी पुणं गाठून खरी पावडर आणि मशीन घेऊन आले.

पुढच्या आठवड्यात सोपानरावांचे निरवांगीचे साडू आपल्या पोराची पत्रिका छापायला आले. मालकांनी नवी पत्रिका ऐटीत पुढं केली. कडक अक्षरं, उन्हात ठेवली तरी पघळणार नाहीत.

साडूंनी हात फिरवला. उघडली. मिटली. पुन्हा उघडली. मग टेबलावर टाकून म्हणाले,

"ही काय कामाची? ही तर उघडती!"