साडूंचा शिमगा आणि माझी छोटी फाइल

अख्ख्या कोकणात छोट्या फाइलीचा इतका द्वेष करणारा दुसरा माणूस कुणी दाखवला, तर मी माझा लॅपटॉप मांडवीच्या समुद्रात टाकायला तयार आहे. तशी सूचना आमच्या साडूंनी आजवर दोनदा केलेलीच आहे. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मांडवीला घराच्या पडवीतच त्यांचं दुकान. लग्नं, मुंजी, पालख्या यांचं चित्रण करायचं आणि कापून-जोडून द्यायचं. माणूस गोड, जेवायला बसवून उठू न देणारा. पण कुणी फोनवर आवळून छोटा केलेला व्हिडिओ पाठवला की शिळ्या बांगड्याचा वास आल्यासारखं तोंड करतात. चिपळूणच्या भाचीला मुलगा झाला तेव्हा सगळं घर फोनला डोळे लावून बाळ बघत होतं आणि हे पाठ फिरवून बसले होते. "मला बाळ दिसत नाय, चौकोन दिसतात," म्हणाले. दुसऱ्या दिवशी हार्ड डिस्क पंचात गुंडाळून, मांडीवर धरून एसटीने चिपळूणला गेले आणि मूळ फाइल घेऊन आले. "बाळ कसं आहे?" असं बायकोने विचारल्यावर मात्र जरा गडबडले. "आता बघू की. निवांत, मोठ्या पडद्यावर."

मी शाळामास्तर. त्यांच्याच नादाने मीही लॅपटॉपवर थोडंफार कापायला-जोडायला शिकलो. पण माझं सॉफ्टवेअर वेगळं, त्यांचं वेगळं. माझं काम त्यांच्याकडे द्यायचं तर मधे कोडेक ठरवावा लागतो. कोडेक म्हणजे चित्रं बांधून पाठवायची रीत, एवढं मला कळलं होतं. उरलेलं त्यांनी माशाचे काटे काढता काढता सांगितलं. "मास्तर, तुमच्या त्या छोट्या फाइलीत एक चित्र पुरतं असतं. पुढच्या चित्रांच्या जागी नुसतं लिहिलेलं असतं, 'मगाशी होतं तसंच, एवढंच बदललं.' बघायला ठीक हाय. कापायला घेतलं की लाज काढते. प्रोरेसमध्ये प्रत्येक चित्र पुरतं, म्हणून फाइल मोठी." मग एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून ती त्यांनी माझ्या लॅपटॉपला चिकटवली: 'माझ्याकडे देताना प्रोरेस. ते नसेल तर डीएनएक्स. एच-२६४ अजिबात नको.' एच-२६४ म्हणजे तीच छोटी फाइल. आमच्या मुख्याध्यापकांनी ती चिठ्ठी वाचून मला कसला आजार आहे, असं हळूच विचारलं होतं.

अशा माणसाने आपला कॅमेरा माझ्या हातात दिला तो नाइलाजाने. त्यांचे थोरले भाऊ, दादा, मुंबईला नोकरीला. गणपतीला रजा मिळो न मिळो, शिमग्याला गावी यायचेच, आणि पालखी नाचवताना पुढचा दांडा त्यांचा, मागचा साडूंचा. त्या वर्षी दादांचा गुडघा बोलायला लागला होता. "हे शेवटचं, पुढल्या साली मी सहाणेवर बसून बघणार," म्हणाले. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा. म्हणून साडूंना ते चित्रण हवं होतं, आणि खांद्यावर पालखी घेऊन कॅमेरा धरता येत नाही. मी जीव तोडून चित्रण केलं. गुलालात भिजलो, एकदा कुणाच्या तरी अंगणातल्या तुळशीवर बसलो.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. घरी येऊन मी त्या चित्रणाला नाव दिलं, दोन ठिकाणी दृश्य बदलताना बदामाच्या आकाराचे पडदे उघडले आणि फाइल काढायला गेलो. प्रोरेस म्हटल्यावर लॅपटॉप म्हणाला, जागा नाही. खाली एक पर्याय होता, 'छोटी फाइल'. मी चिठ्ठीवर अंगठा ठेवला आणि तो निवडला. मग कॅमेऱ्याचं कार्ड पुसून शाळेच्या गॅदरिंगला वापरलं. वर साडूंसमोर पेन ड्राइव्ह नाचवत म्हणालो, "अख्खा शिमगा एवढ्याशात मावला."

त्यांनी लावून बघितलं. गुलाल उधळला जातो तिथे काहीच मगाशी होतं तसं नसतं. त्यामुळे गुलालाच्या लाल विटा झाल्या होत्या आणि त्या विटांमागे दादा.

"मूळ कार्ड?"

"गॅदरिंगला... पुसलं."

"बरं," ते म्हणाले. "चहा घेणार ना?"

पाऊस संपायच्या आत दादा मुंबईतच गेले. सहाणेवर बसून बघायचं राहिलं.

दिवसकार्य झाल्यावर मी पडवीत गेलो, तर साडू माझीच छोटी फाइल हार्ड डिस्कवर प्रोरेसमध्ये फिरवत बसले होते. ती फुगून पंधरापट झाली होती. "यातून चेहरा सुधारतो का हो?" मी विचारलं.

"नाय. गेलं ते गेलं. पण आता कितीदा कापा-जोडा, उरलंय त्यातलं काय जाणार नाय."

मग त्यांनी एकेक चित्र पुढे सरकवलं आणि एका ठिकाणी थांबले. पालखी दम घ्यायला थांबली होती, तिथे एक पुरतं चित्र सापडलं होतं. दादांच्या मिशीवर गुलाल, नजर थेट माझ्याकडे. आवाज मात्र सगळा स्वच्छ होता. "मास्तर, नीट घेतलंत ना?" दादा विचारतात. आणि मागून माझा आवाज येतो, "हो हो, एकदम फर्स्ट क्लास."

साडूंनी माझ्याकडे बघितलं नाही. ती हार्ड डिस्क पंचात गुंडाळून त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवली.

यंदाच्या शिमग्याला पुढचा दांडा साडूंनी घेतला. कॅमेरा कुणाला देतील म्हणून मी गर्दीत मागे उभा होतो, तर तो त्यांनी शोधून माझ्याच गळ्यात अडकवला. सोबत चार कोरी कार्डं. पालखी सहाणेवर टेकली तेव्हा ते गुलालाने माखलेले, धापा टाकत माझ्याजवळ आले.

"मास्तर, नीट घेतलंत ना?"

या वेळी मी लगेच हो म्हटलं नाही. कार्ड काढलं, त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची मूठ मिटेपर्यंत माझा हात तसाच धरून ठेवला.