न शिकवलेला हुकूम

गल्लीत त्याला सगळे चावीवाला म्हणत. कुठलंही कुलूप दोन मिनिटांत उघडणारा हा माणूस एका सकाळी आपल्याच दुकानाबाहेर उभा राहिला. धाकट्या भावाने परस्पर कुलूप बदललं होतं.

"हात लावलास तर चोर म्हणून धरून देईन, दादा," भाऊ चारचौघांत म्हणाला.

त्या दिवसापासून चावीवाल्याने डूख धरला. महिन्याभरात रॉटवायलर जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. बायको म्हणाली, "दोन खोल्यांत हा रेडा कुठे मावणार?"

भावाने दुकानातून परत धाडलेल्या सामानाबरोबर त्याचा स्वतःचा कातडी एप्रन चुकून घरी आला होता. वडिलांनी एकाच कातड्यातून दोघांसाठी दोन कापले होते. पितळेच्या किसाचा आणि तेलाचा वास दोन्हींत सारखाच मुरलेला. भावाचा त्याने अंगणातल्या खांबाला बांधला. रोज सकाळी पट्टा आखडून धरायचा, दातओठ खात भावाला शिव्या घालायचा, आवाज टिपेला पोचला की पट्टा ढिला करायचा. कुत्रं एप्रनचा लचका तोडायचं.

कुत्री शिकवणाऱ्या बाई दोनच दिवस आल्या.

"आधी 'सोड' शिकवा," त्या म्हणाल्या. "ही जात हट्टी. मालक थंड डोक्याचा असला तर जीव लावते. तुम्ही नुसता पट्टा धरलात तरी त्याच्या मानेवरचे केस उभे राहतात, बघितलंत?"

"सोडायचं शिकवायचंच नाहीये मला."

बाईंनी चपला घातल्या. शहाण्याला शब्दाचा मार, पण हा कुठला शहाणा.

तीन वर्षांनी भाऊ दारात आला. धुतलेला सदरा, जाड भिंगाचा चष्मा, हातात दुकानाची चावी.

"डोळे अधू झाले, दादा. चावी घासताना दात दिसत नाहीत. दुकान तुझंच होतं."

चावीवाल्याने पट्टा सोडला. कुत्रं धावलं, सदरा हुंगला आणि मागे वळून मालकाकडे बघत उभं राहिलं. त्या सदऱ्याला साबणाचा वास होता.

चावीवाल्याचं डोकं सणकलं. ठीक आहे, कुत्रं नाही तर मी. बापाने दिलेला एप्रन बांधून गल्लीतून जाईन, त्याच चारचौघांत याला दुकानाच्या पायरीवरून हाकलीन. त्याने ट्रंकेतून आपला एप्रन काढून बांधला, अंगणात येऊन भावाच्या हातातली चावी हिसकावली आणि तीन वर्षं साठवलेली पहिली शिवी हासडली.

कुत्र्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. पुढच्या क्षणी चावीवाल्याचा उजवा हात एप्रनसकट जबड्यात होता.

"सोड," तो ओरडला. "सोड, मेल्या, सोड."

हा शब्द कुत्र्याला कधी कोणी शिकवला नव्हता. मालकाचा आवाज चढला की आणखी घट्ट धरायचं, एवढंच त्याला माहीत होतं.